उजव्या हाताची नखं

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी माझा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ही नखं घेऊन तू उद्या कळ्या काढणार आहेस?"

प्रश्न रास्त होता. उकडीच्या मोदकाची पारी म्हणजे फार हळवं प्रकरण. उकड कितीही छान मळलेली असो, पारीला नखाचं टोक लागलं की ती चिरते, वाफेवर सारण बाहेर येतं आणि मोदकपात्राच्या तळाशी गुळाचं पाणी साचतं. दुसऱ्या दिवशी मी हट्टानं दोन मोदक केले. दोन्ही फुटले. मग माझी रवानगी खवणीवर झाली आणि कळ्या जावेकडे गेल्या. जाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी आहे आणि तिच्या मोदकाला एकवीस कळ्या येतात, हेही इथे नोंदवून ठेवते.

माझ्या डाव्या हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापलेली असतात. उजव्या हाताची अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशी चार वाढवलेली. करंगळीला काम नाही म्हणून तिचं नखही नाही. अशा हाताकडे बघून लोक आपापले अर्थ लावतात. आमच्या भाजीवाल्या मावशींनी एकदा सुटे पैसे देता देता काळजीनं विचारलं, "डावा हात दुखतो का हो ताई? उजव्याची नखं कापता येत नाहीत वाटतं." इतका तर्कशुद्ध प्रश्न मला ऑफिसातसुद्धा कुणी विचारलेला नाही.

ही नखं गिटारची आहेत. मी क्लासिकल गिटार शिकते. सेहेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं, आता सातवं वर्ष चालू आहे. हे सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, "म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, वरून सळी फिरवतात ती?" त्याचंही बरोबरच असतं. ब्रिजभूषण काब्रांनी आणि विश्वमोहन भट्टांनी गिटारमधून मींड काढून दाखवल्यावर आपल्याकडे क्लासिकल गिटार म्हणजे रागदारीची गिटार, हे पक्कं झालं. माझी ती नाही. माझी डाव्या मांडीवर उभी असते, डावा पाय छोट्या स्टुलावर, तारा नायलॉनच्या आणि छेडायला फक्त बोटं. सतारवाल्यांना नखी मिळते, सरोदियांना जवा मिळतो. आम्हाला आपली नखी आपल्याच बोटावर उगवावी लागते.

आमचे सर मूळचे म्हापशाचे. त्यांच्या घरी घुमट हे मातीचं तालवाद्य होतं, व्हायोलिन होतं, लग्नाकार्यात मांडो हे कोकणी गाणं म्हटलं जायचं. ते पहिल्यांदा माझी गिटार बघून हसले होते, तो प्रसंग सांगायला हवा. एका दुकानातून मी ती मोठ्या हौसेनं आणली होती. दुकानदारानं "आवाज मोठा येतो" म्हणून तिच्यावर पोलादी तारा चढवून दिल्या. नायलॉनसाठी बांधलेल्या हलक्या पेटीला तो ताण सोसत नाही. चार महिन्यांत घोडी, म्हणजे तारा जिला बांधतात ती पट्टी, लाकडावरून उचलली गेली आणि खाली बोटाचं नख जाईल एवढी फट पडली. सरांनी त्या फटीत खरंच नख घालून पाहिलं आणि म्हणाले, "तुझी गिटार पाराग्वेची दिसते." मला तेव्हा काही कळलं नाही. कळायला तीन वर्षं लागली.

पहिल्या महिन्यात सरांनी मला एकही राग, गाणं, धून शिकवली नाही. एक कानस दिली आणि एक बारीक पॉलिश पेपर. नख बोटाच्या आकाराप्रमाणे घासायचं, कड काचेसारखी गुळगुळीत करायची. तार आधी बोटाच्या मांसल भागाला टेकते आणि मग नखाच्या कडेवरून घसरून सुटते. त्या क्षणार्धात जे घडतं त्याला या वाद्यात आवाज म्हणतात. कडेला केसाएवढी खाच असली तरी तारेतून खरखर ऐकू येते.

आणि हे काम मी रात्री करते. "रात्रीची नखं काढू नयेत," असं सासूबाई म्हणतात, तशी माझी आईही म्हणायची. मी काढत नाही, घासते, हा माझा वकिली बचाव.

नखं घासता घासता माणूस वाचत सुटतो. मी वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की नख हवं की नको हा वाद माझ्या स्वयंपाकघरातला नाही, तो जवळजवळ पावणेपाचशे वर्षं जुना आहे. आणि तो घातला कुणी, तर बहुतेक सगळ्या स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांनी.

सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये दरबारी वाद्य होतं विउएला. दिसायला गिटारसारखं, तारा मात्र ल्यूट या तंतुवाद्यासारख्या लावलेल्या. बाकी युरोप ल्यूटच्या नादी लागला होता तेव्हा स्पेननं हे आपलं वेगळं वाद्य धरून ठेवलं. गिटारही होती, पण लहान, तारांच्या चारच जोड्यांची, जरा कमी प्रतीची मानलेली. अलोन्सो मुदार्रानं १५४६ मध्ये सेव्हिलला विउएलाच्या रचनांचं पुस्तक छापलं, त्यात मोजक्या रचना गिटारसाठी घातल्या. गिटारसाठी छापलेलं उपलब्ध संगीत तिथून सुरू होतं. म्हणजे जेवणाच्या ताटात डाव्या बाजूला चटणी वाढावी तशी ती छापखान्यात शिरली.

त्याआधी आठ वर्षं लुइस दे नार्वाएसनं वाय्यादोलिदला पुस्तक काढलं. त्यातली एक रचना मी रोज वाजवते, कारण ती मला पेलते. तिचं नाव 'ग्वार्दामे लास वाकास', म्हणजे 'माझ्या गाई राख'. त्या काळी घरोघरी माहीत असलेलं गाणं: तू माझ्या गाई राख, मी तुला मुका देईन. त्या चालीवर नार्वाएसनं एकामागून एक विस्तार रचले, आणि छापून आलेल्या अशा विस्तारांमधले हे अगदी पहिल्यांपैकी. सरांनी अर्थ सांगितला तेव्हा मी म्हटलं, अहो, ही तर गवळण! फक्त आमच्या गवळणीत बाई तक्रार करते आणि इथे सौदा करते.

आता नखं. मिगेल दे फुएनयाना हा विउएलावादक जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून आंधळा होता. १५५४ मध्ये 'ऑर्फेनिका लिरा' नावाचा मोठा ग्रंथ त्यानं काढला. त्यात तो वेगवेगळ्या आघातांबद्दल लिहितो. एकाच बोटाच्या नखानं मागेपुढे करत झपाझप सूर काढायची पद्धत सोपी आहे, हे तो मान्य करतो. पण नख किंवा दुसरं कसलं साधन मध्ये न आणता नुसत्या बोटानं छेडण्यात खरी थोरवी आहे, कारण बोट जिवंत असतं आणि मनातलं तारेपर्यंत तेच नेऊ शकतं, असं त्याचं म्हणणं. नख हा शरीराचा मेलेला भाग. ज्याला दिसत नाही त्यानं हे लिहावं, यात मला काहीतरी पटून जातं. पण मी माझी नखं कापली नाहीत.

पुढची अडीचशे-पावणेतीनशे वर्षं मी भरभर ओलांडते. विउएला मागे पडली, गिटारला पाचवी जोडी आली, गास्पार सान्सनं सतराव्या शतकात सारागोसाला तिचं शिक्षणाचं पुस्तक काढलं, अठराव्या शतकाअखेर तारांच्या जोड्या जाऊन सहा एकेरी तारा झाल्या. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण मला घाई आहे ती पॅरिसमधल्या दोन मित्रांकडे पोचायची.

फर्नांदो सोर १७७८ चा, बार्सिलोनाचा. मोन्सेरातच्या मठात गाणारी मुलं शिकत, तिथं तो शिकला. फ्रेंचांनी स्पेन घेतल्यावर त्यांच्या राजवटीत त्यानं हुद्दा स्वीकारला, आणि १८१३ मध्ये फ्रेंचांना माघार घ्यावी लागली तेव्हा त्यालाही देश सोडावा लागला. पुन्हा तो स्पेनला कधीच परतला नाही. पॅरिस, लंडन, मॉस्को, परत पॅरिस. मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरचं १८२५ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा त्याचा 'सिंड्रेला' बॅले तिथं झाला होता. इतका मोठा रचनाकार, आणि त्याचं नाव आज टिकून आहे ते मुख्यतः माझ्यासारख्या विद्यार्थ्यांच्या बोटांवर. ओपस (म्हणजे रचनासंग्रहाचा क्रमांक) ३५ मधला बाविसाव्या क्रमांकाचा, बी मायनर या स्वरावलीतला 'अभ्यास', म्हणजे सरावाची रचना, वाजवल्याशिवाय जगात कुणी क्लासिकल गिटार शिकत नसावं. आम्ही त्याला नुसतं 'बी मायनर' म्हणतो, जसं कुणी नुसतं 'यमन' म्हणावं.

सोर नखांच्या कट्टर विरोधात. १८३० मध्ये पॅरिसला त्यानं आपली पद्धत छापली, तिच्यात साफ लिहिलं की नखांनी वाजवणारा आणि तरी ऐकवेल असा गिटारवादक मला भेटला नाही. अपवाद एकच, माझा मित्र आग्वादो.

दिओनिसिओ आग्वादो माद्रिदचा, सोरपेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि पक्का नखवाला. त्याला हवा होता स्वच्छ, लखलखीत, वेगवान आवाज. हे दोघं पॅरिसला एकाच हॉटेलात राहत, एकत्र वाजवत. सोरनं दोघांसाठी एक युगलरचना लिहिली, ओपस ४१, नाव 'दोन मित्र'. मला नेहमी वाटतं, त्या पहिल्या तालमीत काय झालं असेल? एक मऊ, लोकरीसारखा आवाज आणि एक काचेसारखा. जुळवून घेतलं आग्वादोनं. सोरला ऐकल्यावर त्यानं आपल्या अंगठ्याचं नख कापून टाकलं, बाकीची ठेवली. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. मैत्रीखातर एवढं करणारा माणूस मला फार आवडतो. एक नख. चारही नाही, एकही नाही असंही नाही.

यानंतर वाद्यच बदललं. अल्मेरियाचा सुतार अंतोनिओ दे तोर्रेस यानं पेटी मोठी केली, वरची फळी पातळ केली आणि तिच्या पोटात पंख्यासारख्या पट्ट्या बसवल्या. आज माझ्या मांडीवर असते ती त्याच्याच नमुन्याची. आवाज वरच्या फळीत असतो हे दाखवायला त्यानं १८६२ मध्ये एक गिटार केली, तिची पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

तोर्रेसची गिटार ज्याच्या हातात शोभली तो फ्रान्सिस्को तार्रेगा, १८५२ चा, व्हिलारेयालचा, एका पहारेकऱ्याचा मुलगा. लहानपणी पाटाच्या पाण्यात पडला आणि त्याचे डोळे अधू झाले. वडिलांना वाटलं, पोरगं पुढं आंधळं झालं तर निदान संगीतावर पोट भरेल. त्याचे पहिले गुरूही आंधळे गिटारवादक होते. (या सगळ्या गोष्टीत आंधळे फार आहेत. पुढे 'अरानहुएस'चा कॉन्सेर्तो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीनं वाजवायची रचना, लिहिणारा होआकीन रोद्रिगोही तिसऱ्या वर्षी घटसर्पानं आंधळा झालेला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती आणि त्यानं ब्रेलमध्ये गिटारचा सगळ्यात प्रसिद्ध कॉन्सेर्तो लिहिला.)

तार्रेगाला आपण सगळ्यांनी ऐकलंय. दोन हजार सालानंतरच्या महाराष्ट्रात एसटीत, सिनेमागृहात, श्रद्धांजलीच्या सभेत ऐन दोन मिनिटांच्या शांततेत तो वाजायचा. नोकियाची ती रिंगटोन म्हणजे १९०२ च्या त्याच्या 'ग्रान व्हाल्स'मधले मोजके सूर. माझ्या सासऱ्यांचा फोन त्यांच्या जाण्यानंतर तेराव्यापर्यंत चालू ठेवला होता. तेव्हा मला तार्रेगा माहीत नव्हता. आता क्लासमध्ये कुणी पोरगा गंमत म्हणून ते सूर वाजवतो आणि सगळे हसतात, तेव्हा मी हसताना एक क्षण मागे राहते.

हा तार्रेगा आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत नखं सोडून गेला. आधी नखांनीच वाजवायचा. मग त्याला तो आवाज नकोसा झाला, नखं कापली आणि बोटाच्या कातडीवर सगळं तंत्र नव्यानं उभारलं. 'रेकुएर्दोस दे ला आल्हाम्ब्रा' ज्यांनी ऐकलंय त्यांना हा वेडेपणा कळेल. त्यात अंगठा खाली चाल सांभाळतो आणि वर अनामिका, मधलं बोट, तर्जनी एकाच तारेवर इतक्या झरझर पडतात की अखंड धार लागल्यासारखं वाटतं. ते लिहिणाऱ्या माणसानं पुढे नखं काढून टाकली. १९०६ मध्ये त्याच्या उजव्या बाजूवरून वारं गेलं, तरी तो पुन्हा उभा राहिला आणि १९०९ मध्ये बार्सिलोनात वारला.

त्याच्या मागे काय व्हावं? एकाच गुरूच्या दोन शिष्यांत फूट. एमिलिओ पुजोलनं कातडीची बाजू घेतली आणि या पेचावर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. मिगेल ल्योबेतनं नखं ठेवली. ल्योबेतनं कातालान लोकगीतांना दिलेले साज ऐकले की मी निमूटपणे त्याच्या बाजूला जाऊन बसते. त्याच्यासाठीच मानुएल दे फाय्यानं १९२० मध्ये फ्रेंच संगीतकार देब्युसीच्या स्मरणार्थ गिटारसाठी आपली एकुलती एक रचना लिहिली. आणि त्याची अर्जेंटिनातली शिष्या मारिया लुइसा आनिदो हिनं त्याच्याबरोबर विशीच्या आत-बाहेर असताना युगलं रेकॉर्ड केली. या पुरुषांच्या रांगेत तिचं नाव मी मुद्दाम मोठ्यानं घेते.

कातडीचा प्रयोग मीही केला, पण नाइलाजानं. प्रेशर कुकरचं झाकण लावताना मधल्या बोटाचं नख तुटलं. सरांनी टेबल टेनिसच्या चेंडूचा नखाएवढा तुकडा कापून झटपट चिकटणाऱ्या गोंदानं बोटाला लावून दिला. जगभरचे गिटारवाले हेच करतात म्हणे. दुसऱ्या दिवशी तो तुकडा कणकेत सापडला, आणि तो मला सापडला नाही, सासूबाईंना सापडला. मग सगळीच नखं कापली आणि तीन आठवडे नुसत्या बोटांनी वाजवलं. पहिल्या दिवशी वाटलं, गिटारवर कुणी गोधडी टाकलीय. दुसऱ्या आठवड्यात बी मायनर वाजवताना एकदम लक्षात आलं की खालचे सूर बोलताहेत. इतके दिवस नखाच्या झगमगाटात मी फक्त वरची ओळ ऐकत होते. नखं वाढल्यावर तो आवाज गेला. कान मात्र थोडा बदलून राहिला.

आता सेगोव्हिया. त्याच्याबद्दल लिहिताना माझं मन दोन्हीकडे ओढतं. आंद्रेस सेगोव्हिया, १८९३, लिनारेस. सोळाव्या वर्षी ग्रानादाला पहिली मैफल, १९२४ मध्ये पॅरिस, मग सगळं जग. ९४ वर्षं जगला, शेवटपर्यंत वाजवत राहिला. कातडी आधी, नख नंतर हा जो आघात मी शिकले तो जगभर रुजवला त्यानं, त्यामुळे माझी कानस-पॉलिश पेपर ही त्याचीच देणगी. तारासुद्धा. गिटारच्या तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतड्याचा दोरा शल्यकर्मासाठी जाऊ लागला आणि तारा मिळेनाशा झाल्या. न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट ऑगस्टिन नावाच्या कारागिरानं नायलॉनच्या तारा केल्या, सेगोव्हियानं त्या लावून वाजवल्या आणि आतडं कायमचं गेलं. सोरचे वीस अभ्यास निवडून १९४५ मध्ये छापले तेही त्यानंच. आजही तीच वही सगळीकडे चालते.

गिटारला मैफलीत बसायची जागा त्यानं मिळवून दिली, हे शंभर टक्के खरं. पण दरवाजा उघडणारा माणूस पुढे दारातच उभा राहिला. त्याच्या मनाला पटेल तेच संगीत आत. फ्रांक मार्टिननं १९३३ मध्ये त्याच्यासाठी चार छोट्या रचना लिहिल्या, त्या त्यानं कधी वाजवल्या नाहीत. आज प्रत्येक मोठा वादक वाजवतो. उलट मेक्सिकोचा मानुएल पोन्से त्याचा लाडका. पोन्सेनं त्याच्यासाठी ढीगभर लिहिलं, इतकं की दोघांनी मिळून एक खोडीही केली: पोन्सेची ए मायनरमधली संपूर्ण माला सेगोव्हियानं अठराव्या शतकातल्या वाइस नावाच्या ल्यूटवादकाची म्हणून वाजवली, आणि लोकांनी वर्षानुवर्षं 'काय ते जुनं सोनं' म्हणून माना डोलावल्या. हा किस्सा मला भयंकर आवडतो. आपल्याकडे जुन्या बंदिशीत स्वतःची मुद्रा घालणारे सापडतील. स्वतःची बंदीश दुसऱ्याच्या मुद्रेनं खपवणारे दोघं मात्र मेक्सिको आणि स्पेनमधल्या आंदालुसियाचे.

मी कुणाचा शिष्य नाही, स्वतःच स्वतःचा गुरू, असं सेगोव्हिया सांगत असे. खरं तर तो काही काळ ल्योबेतजवळ बसला होता. मला वाटतं, ज्याला घराणं काढायचं असतं त्याला आपलं मागचं घर पुसावं लागतं. आपल्याकडेही हे नवीन नाही.

आणि आता पाराग्वे.

आगुस्तीन बार्रिओस, जन्म १८८५, पाराग्वेच्या दक्षिणेकडच्या मिसिओनेस भागातला. या माणसाची गिटार पोलादी तारांची होती. क्लासिकल गिटारवर पोलादी तारा! सेगोव्हियाच्या पंक्तीत हे म्हणजे सोवळ्यात चपला घालून येणं. तो धातूचा खणखणाट कमी करायला बार्रिओस घोडीजवळ तारांना रबराचे छोटे तुकडे लावायचा. म्हणजे आपला आवाज लोकांना कुठं खुपतो हे त्याला ठाऊक होतं, तरी तारा बदलल्या नाहीत. १९१० च्या दशकातच त्यानं ध्वनिमुद्रिका दिल्या, सेगोव्हियाच्या पुष्कळ आधी. त्या आज ऐकता येतात. खरखरीतून, पावसापलीकडून यावा तसा तो आवाज येतो.

१९३० च्या सुमाराला त्यानं एक विलक्षण गोष्ट केली. 'आगुस्तीन' उलटं लिहून 'नित्सुगा' केलं, गुआरानी लोकांच्या दंतकथेतल्या सरदाराचं 'मांगोरे' हे नाव जोडलं आणि डोक्याला पिसं लावून, आदिवासी वेश करून रंगमंचावर यायला लागला. जाहिरातीत युरोप गाजवलेल्या व्हायोलिनवादकाचं नाव घेऊन लिहायचे, 'पाराग्वेच्या जंगलातला गिटारचा पागानिनी'. पडदा उघडला की ताडाच्या पानांमध्ये पिसांचा मुकुट घातलेला माणूस, आणि तो बाख वाजवतो. याला मी आधी हसले. मग वाटलं, हसायचं कुणाला? स्पेनमधून आलेला माणूस काळा कोट घालून बसला की तो कलावंत, आणि पाराग्वेतून आलेल्याला तिकीट खपवायला पिसं लावावी लागतात.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्युनॉस आयर्सला बार्रिओसनं सेगोव्हियाला आपली 'ला कातेद्राल' ऐकवली. सेगोव्हियाला ती आवडली. पण त्यानं ती कधी मुद्रित केली नाही, बार्रिओसचं काहीच केलं नाही. 'ला कातेद्राल' मॉन्तेव्हिदेओच्या कॅथीड्रलवरून सुचली. आधी आत ऑर्गनचे संथ, भारदस्त स्वर, मग दार उघडून बाहेर रस्त्यावरची गर्दी, न थांबणारी धावपळ. १९३८ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी, हवानात असताना बार्रिओसनं तिला सुरुवातीचा एक तुकडा जोडला, आणि तो सगळ्यात उदास आहे. सर म्हणतात, आतलं-बाहेरचं तरुणपणी कळतं, कॅथीड्रलपर्यंत चालत जायचा रस्ता म्हातारपणी.

बार्रिओस ७ ऑगस्ट १९४४ ला मध्य अमेरिकेतल्या सान साल्व्हादोरमध्ये वारला. तिथं तो विद्यार्थ्यांना शिकवून दिवस काढत होता. जगाला तो परत मिळाला १९७७ मध्ये, जॉन विल्यम्सनं संपूर्ण तबकडी त्याच्या रचनांची काढली तेव्हा. विल्यम्स सेगोव्हियाच्याच हाताखाली शिकलेला, आणि त्याला बार्रिओस दाखवला तो व्हेनेझुएलाच्या आलिरिओ दियासनं, तोही सेगोव्हियाचाच शागीर्द. बुवांनी ज्याला घरात घेतलं नाही त्याला शिष्यांनी मागच्या दारानं आणलं. आज पाराग्वेच्या पन्नास हजार गुआरानींच्या नोटेवर बार्रिओसचं चित्र आहे, गिटारसकट. तीन वर्षांनी मला सरांचं ते हसणं कळलं ते हे. कळल्यावर मी जुनी गिटार माळ्यावरून काढली, घोडी पुन्हा बसवून घेतली आणि एक पोलादी तार, फक्त पहिली, मुद्दाम लावून पाहिली. नखानं छेडली. कानात सुई जावी तसा आवाज. रबराचा तुकडा नव्हता म्हणून चपातीच्या डब्याचं रबर कापून लावलं. तेवढ्यानं काही बार्रिओस झाला नाही, पण का नाही बदलल्या त्यानं तारा, याचा एक अंदाज आला. सूर लवकर मरत नव्हता.

त्याची अखेरची रचना 'उना लिमोस्ना पोर एल आमोर दे दिओस', देवाच्या नावानं भीक घाला माई. सांगतात ते असं: तो शिकवत बसला होता, दारावर एक म्हातारी टकटक करून भीक मागत होती. ती टकटक त्यानं खालच्या तारांवर घेतली आणि वर तार्रेगासारखी तीन बोटांची अखंड धार. सध्या मी ती बसवतेय. म्हणजे बसत नाहीय. माझी धार नळाला हवा आल्यासारखी अडखळते.

परवा रात्री जेवणं झाल्यावर वाजवत होते. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे काय रोज रोज तेच. मी गोष्ट सांगितली. पाराग्वे, पिसं, म्हातारी, टकटक. त्यांनी चार शेंगा सोलल्या आणि विचारलं, "मग दिलं का त्यानं तिला काही?"

मला उत्तर देता आलं नाही. मी पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

"ते तिसरं बोट खरखरतंय गं तुझं."

दिव्याखाली धरून पाहिलं. अनामिकेच्या कडेला खाच पडली होती, दिसेल न दिसेल अशी. मी कानस शोधायला उठले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, साडेदहा वाजले होते, काहीतरी बोलणार होत्या.

"घास," म्हणाल्या. "पण इथे नको, मटार आहेत."